‘चित्ती तुझी स्मरेना’: विस्मरणाच्या कवितेवर कसं लिहावं

आठवणीवरच्या कवितेवर लिहायला बसलं की हात आपोआप स्वतःच्या आठवणींकडे जातो. कविता आईवरची असेल तर पहिल्या चार ओळी कवीबद्दल येतात, आणि मग थेट आपली आई, तिच्या हातची आमटी, तिच्या पातळाचा वास. वाचायला बरं वाटतं, वाचणाऱ्याचेही डोळे पाणावतात. पण त्यात कविता निमित्तापुरतीच उरलेली असते. तिच्या जागी आईवरची दुसरी कुठलीही कविता ठेवली तरी लेखाचं काही बिघडत नाही.

म्हणून माझी पद्धत उलटी आहे. आधी कवितेत काय विसरलं गेलंय ते शोधायचं आणि आपल्याला काय आठवतं ते सगळ्यात शेवटी आणायचं. हे हवेत सांगून उपयोग नाही, तेव्हा एक कविता समोर घेऊ. माधव ज्युलियन यांची ‘प्रेमस्वरूप आई! वात्सल्यसिंधु आई!’ बहुतेकांना ती पाठ असते, निदान अर्धी तरी. पाठ असलेल्या कवितेवर लिहिणं जास्त अवघड, कारण आपण ती वाचतच नाही, नुसती म्हणतो.

चाल बाजूला ठेवा, कविता हाताने उतरवा

ही कविता आपल्यापैकी अनेकांच्या कानात लता मंगेशकरांच्या आवाजात आणि वसंत प्रभूंच्या चालीत बसलेली आहे. गाणं सुंदरच आहे. पण कुठे थांबायचं, कुठला शब्द लांबवायचा, कुठे गहिवरायचं हे चालीने आपल्या आधीच ठरवून टाकलेलं असतं. म्हणून दोन दिवस गाणं ऐकू नका. छापील प्रत मिळवा आणि वहीत एका ओळीखाली दोन ओळी मोकळ्या सोडून कविता उतरवून काढा. मोबाइलवर आलेली प्रत चिकटवू नका. फिरत्या प्रतींमध्ये लोक प्रेमाने ‘शुद्धलेखन’ सुधारतात आणि कविता मोडतात.

कशी मोडते ते पाहा. एक ओळ आहे ‘तूझी उणीव चित्ती आई, तरीहि जाची’. इथे ‘तूझी’ दीर्घ आहे. लगेच पुढच्या ओळीत ‘चित्ती तुझी स्मरेना काहीच रूपरेखा’ असं आहे आणि तिथे तोच शब्द ऱ्हस्व. छापखान्याची चूक वाटावी, पण हे वृत्ताने मागितलेलं आहे. गागाल गालगागा, गागाल गालगागा (गा म्हणजे लांब अक्षर, ल म्हणजे आखूड) असं हे आनंदकंद वृत्त. लगक्रम मोजायचा कंटाळा असेल तर ओळ ‘सारे जहाँ से अच्छा’च्या चालीत म्हणून बघा, वृत्त तेच आहे. ‘तुझी उणीव’ म्हटलं की पहिल्याच पावलाला ठेच लागते, ‘तूझी उणीव’ म्हटलं की ओळ सरळ चालते. ‘परंतू’ लांबलेला आणि ‘अता’ आखडलेला याच कारणाने. माधव ज्युलियन म्हणजे माधव त्र्यंबक पटवर्धन (१८९४–१९३९). फारसीचे प्राध्यापक, ‘छंदोरचना’सारखा ग्रंथ लिहिणारा माणूस. एवढ्यातेवढ्यावर घसरणारा नव्हे. तेव्हा चूक वाटली की आधी म्हणून बघा, मग दुरुस्त करा.

अन्वय लावा आणि आपण काय भर घातली ते लिहून ठेवा

शाळेत अन्वय लावायला सांगायचे तेव्हा तो रटाळ उद्योग वाटायचा. पण प्रतिसाद लिहिणाऱ्याला यासारखं हत्यार नाही. प्रत्येक ओळीखाली सोडलेल्या जागेत ती ओळ साध्या बोलीत लिहा. अलंकार, भाव, सौंदर्य काही नको, फक्त कोण काय म्हणतंय ते.

‘चित्ती तुझी स्मरेना काहीच रूपरेखा / आई हवी म्हणूनी सोडी न जीव हेका’. याचा अन्वय लिहिताना बहुतेक जण असं लिहितील: ‘मनात तुझी कसलीच रूपरेखा आठवत नाही, तरीही आई हवी हा हेका जीव सोडत नाही.’ आता मूळ ओळींशी ताडून बघा. तुमचा ‘तरीही’ या दोन ओळींच्या मध्ये कुठे आहे? नाही. आधीच्या ओळीत ‘तरीहि’ आहे. कसली आबाळ झाली नाही तरीही उणीव जाचते, असा तिथला सरळ विरोध आहे. पण आठवत नसणं आणि हवी असणं या दोन गोष्टी कवीने नुसत्या शेजारी ठेवल्यात. आठवत नाही तरीही हवी? की आठवत नाही म्हणूनच हवी? कवी सांगत नाही.

अन्वयात आपण जिथे जिथे स्वतःचा शब्द घातला, तिथे कविता गप्प होती. अशा शब्दांभोवती पेन्सिलीने गोल करा. तुमच्या लेखाचा खरा माल बहुधा या गोलांतच निघतो. माझ्या मते ‘म्हणूनच’ जास्त जवळचं आहे. आठवण असती तर तिच्यावर थोडंफार भागलं असतं. इथे भागवायलाच काही नाही.

कोण विसरलंय, काय विसरलंय

स्मरण-विस्मरणाच्या कवितेला विचारायचे प्रश्न साधे आहेत. आठवणारा कोण? नेमकं काय हरवलंय: चेहरा, आवाज, नाव, घटना, की सगळंच? जे हरवलं ते कधी हाती होतं का? आणि त्या रिकाम्या जागेत कवितेने काय आणून ठेवलं?

पहिला प्रश्न सोपा वाटतो, पण ओळ पुन्हा बघा. आठवत नाही ते चित्ताला, आणि हेका सोडत नाही तो जीव. दोन्ही त्याच माणसाचे, पण त्यांचं एकमेकांशी जमत नाही. चित्ताने हात वर केलेत आणि जीव हटून बसलाय. ‘हेका’ हा शब्दही लहान मुलाचा आहे. विद्या, धन, प्रतिष्ठा मिळालेल्या प्रौढ माणसाने स्वतःसाठी वापरलेला.

दुसऱ्या प्रश्नासाठी एक काम करा. कवितेत आईचं वर्णन कुठे कुठे आहे त्याची यादी करायला घ्या. रंग, उंची, आवाज, हात, एखादी सवय, एखादं वाक्य. यादी कोरी राहते! प्रेमस्वरूप आणि वात्सल्यसिंधु ही कुठल्याही आईला लागू पडणारी संबोधनं आहेत, या आईची म्हणून एकही खूण नाही. कवीने ‘काहीच रूपरेखा’ म्हटलं आणि ते पाळलं. आई म्हणून एखादा गोड चेहरा कल्पनेने रंगवण्याचा मोह कुणालाही झाला असता, त्याने तो आवरला. ‘नेत्री तुझ्या हसावे’ इथे डोळे येतात खरे, पण ते कसे होते हे येत नाही. त्या डोळ्यांत हसतोय तो मुलगा.

तिसऱ्या प्रश्नावर थोडं थांबा. जे हरवलं ते कधी हाती होतं का? आपल्याला साधारण तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं मोठेपणी फारसं काही आठवत नाही, मानसशास्त्रात याला बालविस्मृती म्हणतात. आई त्याआधीच गेली असेल, तर मूल तिला ‘विसरलं’ असं म्हणता येईल का? विसरायला आधी आठवण घडावी लागते. कविता मुलाचं वय सांगत नाही, म्हणून आपणही ठोकून देऊ नये. पण विसरणं आणि मुळात ठसाच न उमटणं यातला फरक मनात ठेवून पुढची कडवी वाचली की शेवट वेगळा दिसू लागतो.

शेवटाकडे येतं ते डोकं टेकवायला आईचा ऊर, आणि मग ‘देईल शांतवाया हृत्स्पंद मंद झोके?’. चेहरा नाही, आवाज नाही, पण काळजाचे ठोके आहेत, झोका आहे, ऊब आहे. डोळ्यांनी ओळख पटण्याआधी बाळाला कळणाऱ्या याच गोष्टी. त्याच्याही मागे ‘घे जन्म तू फिरूनी, येईन मी हि पोटी’. रूपरेखा हाती लागली नाही म्हणून कविता मागे मागे जात पार गर्भापर्यंत पोचते. चौथ्या प्रश्नाचं उत्तर हेच. रिकाम्या जागेत कवीने चित्र लावलं नाही, स्पर्श ठेवला.

एक शब्द धरून कविताभर फिरा

पुन्हा पुन्हा येणारा शब्द शोधा आणि तो प्रत्येक वेळी कुठे तोंड करून उभा आहे ते बघा. इथे तो शब्द ‘चित्ती’ आहे, आणि तो चार वेळा येतो. तूझी उणीव चित्ती. चित्ती तुझी स्मरेना. चिताच चित्ती माझ्या अखंड पेटे. तिन्ही वेळा चित्त मुलाचं आहे: आधी उणीव, मग कोरेपण, मग आग. चौथ्यांदा मात्र ‘चित्ती तुझ्या ठसावे’. आता चित्त आईचं. ज्याच्या मनात आईचा ठसा नाही, तो आईच्या मनात आपला ठसा उमटावा असं मागतोय. मला आठवत नाहीस, पण तुला तरी मी आठवू दे. मला हे कवितेचं मर्म वाटतं, आणि गाणं ऐकताना ते हटकून निसटतं, कारण ‘हसावे’ आणि ‘ठसावे’च्या यमकात कान गुंगून जातो.

एक गंमत जाता जाता. ‘आठवणे’ हे क्रियापद या कवितेत येतं, पण कुठे? ‘आई! तुझ्या वियोगे ब्रह्मांड आठवे गे!’ या वाक्प्रचारात. आई आठवत नाही, ब्रह्मांड मात्र आठवतं. कवीने हे मुद्दाम केलं असेल असा दावा मी करणार नाही. असं काही सापडलं तर तुम्हीही ‘कवीला असं सुचवायचं आहे’ असं लिहू नका, ‘इथे असं वाचता येतं’ एवढंच लिहा.

जे पटत नाही तेही लिहा

मराठी प्रतिसादांचं एक दुखणं म्हणजे सगळंच अप्रतिम असतं. आईवरची कविता असेल तर विचारायलाच नको, तिथे नाक मुरडणं पापच. पण ज्या लेखात एकही हरकत नाही, त्यातल्या कौतुकाला वजन येत नाही.

माझ्या हरकती सांगतो. ‘चिताच चित्ती’ हा खेळ मला जरा जास्त हुशार वाटतो. दुःख बोलता बोलता मध्येच माणूस शब्दांवर खूश झाल्यासारखा. ‘वेगे’शी यमक जुळवायला ‘आठवे गे’मध्ये ‘गे’ ओढून आणलाय हेही दिसतं. उलट त्याच कडव्यातला ‘किंवा’ मला फार मोलाचा वाटतो. कैलास सोडून उल्केच्या वेगाने ये अशी आज्ञा झाल्यावर कवी म्हणतो, ‘किंवा विदेह आत्मा तूझा फिरे सभोती’. म्हणजे ती दूर आहे की इथेच आहे, हेही त्याला ठाऊक नाही. दोन शक्यता त्याने तशाच सोडल्यात. तुम्हाला नेमकं उलट वाटेल, ‘चिताच चित्ती’ काळजाला भिडेल आणि ‘किंवा’ शेजारून निघून जाईल. तेच लिहा, फक्त ओळीवर बोट ठेवून लिहा.

शेजारी दुसरी कविता ठेवा

बाहेरची माहिती इथपर्यंत आल्यावरच आणायची. आधी आणली की लेख परिचयपर होतो: जन्म अमुक, मृत्यू तमुक, ग्रंथसंपदा पुढीलप्रमाणे. त्यापेक्षा एक जवळची कविता शेजारी ठेवली तर चटकन उजेड पडतो.

इथे शेजारी शोधायला लांब जायला नको. माधव ज्युलियन ज्या रविकिरण मंडळ नावाच्या कविगटात होते त्याच गटातले यशवंत, त्यांची ‘आई’ ही कविता, वृत्तही हेच आनंदकंद आणि दुःखही तेच. ‘स्वामी तिन्ही जगाचा आईविना भिकारी’ ही ओळ तर म्हणीसारखी झाली. दोन्ही लागोपाठ वाचा. यशवंतांच्या कवितेत आजूबाजूला आया दिसतात, चिमणी आणि तिची पिलं, गाई आणि वासरं. आईच्या गुणांची भरभरून माळ आहे. माधव ज्युलियनांच्या कवितेत ‘दुज्यांचे वात्सल्य’ एवढ्या दोन शब्दांत बाहेरचं जग आटोपतं, आणि ते पाहूनही भूक शमत नाही म्हणून कवी लगेच आत वळतो. श्रेष्ठ-कनिष्ठ ठरवायच्या भानगडीत पडू नका. फरक दाखवलात की काम झालं.

आणखी एक वाट आहे, पण ती जपून. अत्र्यांनी ‘झेंडूची फुले’मध्ये रविकिरण मंडळाची यथेच्छ टर उडवली. विडंबन हाही कवितेला दिलेला प्रतिसादच असतो, आणि तो नीट जमायला मूळ कविता इतरांपेक्षा बारकाईने वाचलेली असावी लागते. मात्र या कवितेवर तो प्रयोग करणाऱ्याने श्रोते कोण आहेत ते आधी बघावं.

आता तुमची आठवण

एवढं झाल्यावर स्वतःकडे वळा. पण तुम्हाला काय आठवतं तिथून सुरुवात करू नका. काय आठवत नाही ते आधी लिहा. गेलेल्या माणसाचं काय काय पुसलं गेलं? चालण्याची ढब आठवते पण आवाज नाही, असं होतं. फोटोतला चेहरा आठवतो पण तो फोटोच आठवत असतो, माणूस नव्हे, असंही होतं. एकच माणूस, एकच हरवलेली खूण, पाच-सहा ओळी. मग तो परिच्छेद एकटा वाचून बघा. कवितेशिवायही तो धड उभा राहत असेल तर तो वेगळ्या लेखाचा ऐवज आहे, इथून काढा. कवितेतल्या एखाद्या ओळीला धरून तो उभा असेल तर ठेवा.

काहींच्या बाबतीत ही कविता पूर्ण उलटी फिरते. घरात स्मृतिभ्रंश झालेली आई असेल, ती समोर बसून ‘आपण कोणाकडचे?’ असं अहोजाहो करत विचारत असेल, तर मुलाला आईची रूपरेखा चांगली ठाऊक असते, हरवलेली असते ती तिच्या मनातली मुलाची. अशा माणसाने ‘चित्ती तुझ्या ठसावे’ वाचलं तर ती ओळ सोसणार नाही, इतकी ती नेमकी बसते. यावर जरूर लिहावं. पण एक वाक्य स्पष्ट घालावं, की कविता याबद्दल नाही, मी ती इथून वाचतोय. तेवढ्या प्रामाणिकपणाने कविताही शाबूत राहते आणि तुमचं वाचनही. शिवाय घरच्या माणसाच्या आजाराचे तपशील चारचौघांत किती उघडे करायचे हे लिहिण्याआधी घरात बोलून ठरवा. तिला विचारता येत नसेल तर जरा जास्तच हात राखून लिहा.

कविता ओळखीच्या माणसाने लिहिलेली असेल तर ‘खरंच असं झालं होतं का?’ हा प्रश्न गिळून टाका. त्याला सांगायचं असतं तर त्याने कविता लिहिली नसती. कुठली ओळ वाचून थबकलो, तेवढं सांगा. मोबाइलवर पाठवलेल्या दोन हात जोडलेल्या चित्रापेक्षा ते त्याला शंभरपट बरं वाटेल.

दहावीच्या पोरांसाठी दोन ओळी

आशयसौंदर्य, काव्यसौंदर्य, भाषिक वैशिष्ट्ये हा साचा पेपरात सोडू नका, गुण त्यावर आहेत. पण वरचं सगळं त्यात मावतं. चेहरा एकदाही न येणं हे आशयात घाला. चित्त मुलाचं ते आईचं हा प्रवास काव्यसौंदर्यात. ‘तूझी-तुझी’, ‘हेका’, ‘ब्रह्मांड आठवणे’ भाषेत. गाइडमधलं ‘कवीने आईची महती सांगितली आहे’ हे वाक्य मात्र लिहू नका. या कवितेत महती पहिल्या ओळीतच संपते.

शेवटचा हात

लेख एक रात्र तसाच पडू द्या. दुसऱ्या दिवशी मोठ्याने वाचा आणि हृदयस्पर्शी, भावविभोर, अप्रतिम, मन हेलावून टाकणारी असे शब्द दिसतील तिथे काट मारा. काट मारल्यावर वाक्यात काहीच उरत नसेल तर वाक्यही जाऊ द्या. कवितेतल्या ओळी किती उद्धृत केल्यात ते बघा. प्रत्येक ओळीनंतर तुमचं तिच्याबद्दल काही म्हणणं असलं पाहिजे, नाहीतर ती नुसती सजावट.

सुरुवात कशी असावी याचा एक नमुना देतो. तो उचलू नका, सांधा कसा जुळवलाय तेवढं बघा:

‘या कवितेत आईचा चेहरा एकदाही दिसत नाही. काहीच रूपरेखा आठवत नाही असं कवी सांगतो आणि पुढे शेवटपर्यंत एकही रेघ ओढत नाही. त्याऐवजी तो ठोके मागतो, झोके मागतो, पुन्हा एकदा पोटी जन्म मागतो. माझ्या आजोबांचा आवाज मला आठवत नाही, पण त्यांच्या खांद्यावर बसल्यावर जग किती खाली दिसायचं ते आठवतं. म्हणून ‘केव्हा स्थिरेल डोके’ हा प्रश्न मला दुःखाचा कमी आणि उंचीचा जास्त वाटतो.’

यातलं शेवटचं वाक्य कुणी मान्य करणार नाही कदाचित. चालेल, वाद घालायला जागा तरी आहे. आणि शीर्षक सगळं लिहून झाल्यावर द्या. ‘आई: एक महन्मंगल स्तोत्र’ असलं काही सुचलं तर ते खोडून आपल्याच लेखातला एखादा साधा शब्द उचला.